शांताबाईंना लावलेलं कुंकू

मी, सौ. मीनाक्षी शंतनु धैर्यवान, वय ५३ वर्षे, धंदा गृहिणी (आधी बँकेत नोकरी), राहणार दुसरा मजला, गायवाडी, गिरगाव, मुंबई. शीव येथे राहणाऱ्या माझ्या नणंद राजलक्ष्मीताई यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिल्याने मला पोलीस ठाण्यात बोलावण्यात आलं. त्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

माझ्या सासूबाई शांताबाई, वय ८१, यांना स्मृतिभ्रंश आहे. घरात त्या आणि मी, दोघीच. माझे पती मस्कतला नोकरीस आहेत. ते रोज फोनवरून मला टेन्शन न घेण्याबाबत सूचना देतात व ध्यानधारणेचे व्हिडिओ पाठवतात. मी डोळे मिटून बसले की आई गॅसचं बटण फिरवतात.

सासरे अप्पा तीन वर्षांपूर्वी वारले. ते आईंच्या लक्षात राहत नाही. खरं सांगितलं की त्या नव्याने रडतात, दर वेळी आजच सगळं घडल्यासारखं. म्हणून अप्पा बाजारात गेलेत, असं मी सांगते. आरशात मोकळं कपाळ दिसलं तरी तोच आकांत, म्हणून आंघोळीनंतर त्यांना कुंकू लावते. यात मला लाज वाटत नाही.

परवा घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वाडीतल्या बायकांनी चकार शब्द न काढता आईंनाही कुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले. आई खुशीत होत्या. तेवढ्यात राजलक्ष्मीताई आल्या. माझ्या बापाची थट्टा मांडली आहेस का, असं मला म्हणून त्यांनी पदराने आईंचं कपाळ पुसलं व अप्पा गेल्याचं सांगितलं. आईंनी हंबरडा फोडला. जरा शांत झाल्यावर त्यांनी अप्पा कुठे म्हणून विचारलं, तेव्हा ताईंनी पुन्हा तेच सांगितलं. आई पुन्हा रडल्या, पुन्हा विचारलं. ताईंनी परत तोंड उघडलं तेव्हा मी त्यांना दंडाला धरून गॅलरीत काढलं व आतून कडी लावली. हे खरं आहे, आणि मला पश्चात्ताप नाही.

मी आईंचा छळ करते, असं ताईंचं म्हणणं आहे. त्या सणावाराला येतात, जेवतात आणि आई वाळली म्हणून जातात. करणारीने मरायचं आणि बघणारीने नाक मुरडायचं.

चौकशी होईपर्यंत आईंना मुलीकडे ठेवता येईल, असं साहेबांनी आज माझ्यासमोर ताईंना फोनवर सांगितलं. ताई म्हणाल्या की जागा लहान आहे, मुलगा सम्यक याची सीईटी आहे. मग म्हणाल्या, "राहू द्या साहेब, मी तक्रार मागे घेते."

तक्रार मागे घेण्यास माझी हरकत आहे. आईंनी आठ दिवस मुलीकडे राहावं आणि मला झोप मिळावी, यासाठी माझ्यावर गुन्हा दाखल करावा लागत असेल तर तो करावा.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. शेवटचं वाक्य गाळावं, असं साहेबांनी सुचवलं होतं. ते मी ठेवायला लावलं आहे.