हात वर करा, काकू!

...नाही, नाही, मी तुम्हालाच विचारते, माणसाचं डोकं कुठं असतं? खांद्याच्या वर की खाली? वर ना? तुमचं वर, माझं वर, अगदी आमच्या ह्यांचंसुद्धा वरच आहे, वापर किती होतो हा भाग वेगळा! मग तो हाडांचा डॉक्टर मला म्हणतो काय, ‘आजी, हात खांद्यापर्यंत येतोय ना? बास झालं की! या वयात एवढंच व्हायचं.’ म्हटलं, ‘डॉक्टर, मग केस कुठं विंचरू? पोटावर?’ तर हसला. पोटभर हसला, आणि कागदावर काय लिहिलं? कॅल्शियमची गोळी! तुम्हाला सांगते, डॉक्टरनं हात वर केले, माझाच तेवढा वर होईना!

या वयात! अहो, बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. नुसत्या ‘हॅलो’वरून सांगायचे, हा बायकोशी खोटं बोलणार की साहेबाशी. लाखो माणसांचं बोलणं या कानांतून गेलं, पण गेल्या वर्षभरात हे दोन शब्द जेवढे ऐकले ना, तेवढा ‘राँग नंबर’सुद्धा ऐकला नव्हता.

झालं असं. माझं वय अडुसष्ट. शुगर एकोणीस वर्षं घरात आहे, आली तशी मुक्कामालाच राहिली. तिच्या सोबतीला ब्लडप्रेशर. आणि संधिवात... सकाळी बोटं मिटलेलीच असतात, आधी एक उठतं, मग ते बाकीच्यांना हाका मारून उठवतं, अर्धा तास नुसती उठाउठी! पण माझं कुणावाचून अडत नव्हतं हो. रोज चार किलोमीटर चालत होते. आणि एक दिवस पंख्यावर धूळ दिसली. दिसली तर पुसायची नाही? स्टूल घेतलं, चढले, पुसला पंखा, लखलखीत पुसला, आणि उतरताना... स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. उजव्या खांद्याचे तीन तुकडे! स्ट्रेचरवर आडवी पडलेली मी, कळ मस्तकात गेलेली, आणि मुलगा वरून काय म्हणतो? ‘आई, या वयात स्टुलावर?!’ अरे, धूळ काय वय विचारून बसते?

ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत. झोळी निघाली आणि बघते तर हात खांद्याशी येऊन अडतो. पुढं ढिम्म नाही!

आता माझे केस. कमरेपर्यंत. पिकलेत, पण आहेत. तर वेणी घालायची कुणी? सून सकाळी सातला बँकेत जायला निघते. राहिले कोण? आमचे हे! हे म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन, सगळा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला. भांग पाडताना एक डोळा मिटायचे, लांब जाऊन बघायचे, परत यायचे, ‘दोन मिलिमीटर डावीकडे गेलाय.’ आणि वेणी? पहिल्या दिवशी म्हटलं, ‘अहो, तीन पेड असतात, दोन नाही! ही वेणी नाही झाली, दोरखंड झाला!’ तोंडात आकडे धरलेले, त्यामुळे उत्तर नुसतं ‘हं हं, हूं हूं.’ तिसऱ्या दिवशी काय केलं असेल? नकाशा काढला! वेणीचा! पेड क्रमांक एक, दोन, तीन, बाण काढलेले, कुठला कुणावरून न्यायचा ते, आणि चिकटवला आरशावर. महिन्याभरात इतके तरबेज झाले की समोरच्या शेजारणीकडे बघून मला हळूच म्हणतात, ‘त्यांचा तिसरा पेड सैल आहे बरं का.’

पण एक दिवस सून म्हणाली, हो, आणि सून गुणाची आहे, तोंडावर सांगते, ‘आई, बारीक कापून टाकू या का केस? छान दिसतील. मेंटेनन्स नाही काही.’ मेंटेनन्स? मी काय पाण्याची मोटार आहे? तर मुलगा लगेच, ‘बरोबर आहे तिचं. आई, या वयात कशाला हवेत एवढे केस? रविवारी पार्लरवालीला घरीच बोलावतो.’ केसानं गळा कापतात ऐकलं होतं, इथं गळ्यापर्यंत केस कापायला निघाले!

तुम्ही म्हणाल, केसांचं एवढं काय? अहो, पडल्यापासून गोळ्या ह्यांनी डबीत भरायच्या, बटणं सुनेनं लावायची, बाहेर जायचं तर मुलानं दंड धरून न्यायचं. माझं म्हणून काही उरलंच नव्हतं. तीन पेड तरी माझे नकोत का? म्हटलं, ‘तीन महिने द्या. हात नाही गेला डोक्याच्या मागं, तर कापा. भुवयासुद्धा कापा!’

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिचं नाव मी ठेवलं कोनवाली. तिच्याकडे कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी असते, ती खांद्याला लावायची आणि शाळेच्या निकालासारखं जाहीर करायची, ‘काकू, अठ्ठ्याऐंशी!’ पुढच्या आठवड्यात ‘नव्वद!’ मग ब्याण्णव. आणि ब्याण्णववर जी गाडी अडली ती अडलीच. भिंतीवर बोटं चढवली, दोरी ओढली, काठी उचलली... ब्याण्णव! शेवटी ती म्हणाली, ‘काकू, पाण्यात उतरा. तलावावर अकरा वाजता ज्येष्ठांची बॅच असते. जखम भरलीय तुमची. पाण्यात हात हलका होतो.’

पाण्यात! मी! जिनं उभ्या आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाणी पाहिलं नाही!

गेलो कॉस्च्यूम आणायला. दुकानात हे छताकडे बघत उभे, जसं काही छत विकत घ्यायला आलेत. विक्रेती मुलगी म्हणाली, ‘नातीसाठी का?’ म्हटलं, ‘नातीच्या आजीसाठी.’ तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि... आलं का लक्षात? तेच! ‘या वयात?’ म्हटलं, ‘हो! लहानपणी राहून गेलं!’

मानेपासून घोट्यापर्यंतचा घेतला. पण तो चढवायचा कसा? एक हात वर जात नाही! मी कपाट धरून उभी, हे मागून ओढतायत, गादीला खोळ चढवतात ना तसं, इकडून कोंबलं की तिकडून बाहेर! चाळीस मिनिटं! वर ती रबरी टोपी, तिच्यात कमरेएवढे केस... आरशात पाहिलं तर धडावर भोपळा. हे म्हणाले, ‘छान दिसतेस.’ खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला कळतो, सांगितलं ना!

तलावावर शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बोलण्याऐवजी शिट्टी वाजवतात. ती शिट्टीबाई. एकीचे दोन्ही गुडघे नवे, ती नवगुडघे. आणि एक एक्याऐंशी वर्षांची, छातीत हृदयाची बॅटरी बसवलेली. ती बॅटरीआजी. मी कठडा धरून पायरीवर उभी, सोडायचं नाव नाही... तर बॅटरीआजी पाण्यातून म्हणते, ‘ये गं पोरी, भिऊ नकोस!’ पोरी! अहो, अर्धा आजार तिथंच गेला!

उतरले. छातीएवढं पाणी, कोमट. आणि तुम्हाला खरं सांगते, पडल्यापासून मी फरशीकडे बघत चालत होते. पाऊल टाकायचं तर आधी हाताला भिंत शोधायची. आणि इथं एकदम कळलं... पाण्यात पडताच येत नाही हो! पडून पडणार कुठं? हात तर आपोआप तरंगत वर आला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी त्याच्याकडे बघतच राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पण तिथं सगळीकडे पाणीच, कोण बघतंय!

तीन आठवड्यांत कोनवाली म्हणाली, ‘एकशे दहा!’ आणि इथंच माझा शहाणपणा नडला. एक दिवस उशीर झाला, शुगरची गोळी घेतली आणि धड न खाताच पळाले. पाण्यात दहा मिनिटं झाली नाहीत तोच शिट्टीबाईच्या दोन शिट्टीबाया झाल्या. दोघी वाजवतायत! हातपाय थरथर, घाम... पाण्यात घाम! बॅटरीआजीनं माझा चेहरा पाहिला, कॉस्च्यूमला मागून धरलं, मांजरीनं पिल्लू धरावं तसं, कठड्याशी ओढलं आणि तिच्या डबीतली साखर तोंडात कोंबली. चूक माझीच. पण फोन मुलाला गेला. तो आला तो लालबुंद. ‘बंद! आई, बंद म्हणजे बंद! या वयात बुडून मरायचंय का?’ आणि बायकोला म्हणाला, ‘पार्लरवालीला विचार, पुढचा रविवार मोकळा आहे का.’

आठवडाभर घरात बसले. हात परत शंभरावर! आठव्या दिवशी वेणी घालता घालता तोंडातले आकडे काढले आणि म्हणाले, ‘शुगरच्या डॉक्टरांना विचारून आलोय. आधी नीट खायचं, निघताना शुगर तपासायची, तेवढं पाळलं तर पोहायला हरकत नाही म्हणतात. घरात कुणी विचारलं, तर तू वाचनालयात गेलीस.’ चव्वेचाळीस वर्षं संसार केला, आणि हा माणूस एवढा लबाड आहे हे मला माहीत नव्हतं!

झालं, सुरू झालं आमचं वाचनालय. मुलगा केस कापायच्या तारखा ठरवून आणतो, पण पार्लरवालीला कधी लग्नाचं गिऱ्हाईक असतं, कधी ताप येतो, तो ताप आमचे हे फोन करून आणतात की काय देव जाणे. तलावावरून आले की हे दारातच केस वाळवायचं यंत्र घेऊन उभे, घूंऽऽऽ! एक दिवस मुलगा लवकर आला. ‘आई, केस ओले कसे?’ हे म्हणाले, ‘वाचनालयातला एसी गळतो.’ दोन दिवसांनी सून माझ्या शेजारी बसली, वास घेतला, आणि म्हणाली, ‘आई, पुस्तकाला क्लोरीनचा वास येतोय हं.’ म्हटलं, ‘विषयच पाण्याचा आहे.’ ती हसली, आणि उठून माझ्या पिशवीत जास्तीचा टॉवेल ठेवून गेली. गुणाची आहे, म्हटलं ना!

पण मुलगा! तो गेला वाचनालयात, मला घ्यायला. तिथली बाई म्हणाली, ‘त्या? त्या तर सहा महिने आल्याच नाहीत.’

त्या दिवशी कोनवाली मुद्दाम तलावावर आली होती, मोजायला. आम्ही सगळ्या गोल करून उभ्या, आणि दारातून हा, ऑफिसची बॅग, पायात बूट, थेट काठावर! माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणतात ना, माझ्या मुलानं मला खरोखर पाण्यात पाहिलं! ओरडायला लागला, ‘आई! बाहेर ये! आत्ताच्या आत्ता! खोटं बोलतेस? या वयात? लाज नाही वाटत? बाबांनापण सामील करून घेतलंस?’ सगळ्यांदेखत हो! माझं डोकं असं फिरलं, असं फिरलं... मी हात वर केला आणि गरजले, ‘गप्प बस!’

आणि तो गप्प बसला. सगळेच गप्प बसले. मला वाटलं, आवाजाचा दरारा! तेवढ्यात कोनवाली किंचाळली, ‘काकू, हलू नका!’ आणि पट्टी घेऊन काठावरून पळत आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं... हात उजवा होता! डोक्याच्याही वर, रहदारीच्या पोलिसासारखा! तिनं पट्टी लावली, दोनदा लावली. ‘एकशे बावन्न!’

मुलगा तिथंच ओल्या फरशीवर मटकन बसला. रडला, हो, पण विचारलं तर ‘पाणी उडालं’ म्हणाला. मग हळूच म्हणाला, ‘आई, तू स्ट्रेचरवर पडली होतीस ना, ते डोळ्यांसमोरून जात नाही गं.’ मी हात खाली घेतला.

बोलली बॅटरीआजी. काठाशी आली, त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘तुझी शुगर किती रे?’ ‘माझी? मी कधी तपासली नाही.’ ‘बेचाळीस वर्षांचा घोडा ना तू? अरे, या वयात तपासायला नको?’

दुसऱ्या दिवशी वेणी मी घातली. अकरा मिनिटं लागली, बोटं कुरकुरली, खांदा कुरकुरला, पण घातली. हे मागं उभे, तोंडात आकडे. बघितलं आणि म्हणाले, ‘डावीकडे झुकलीय.’ म्हटलं, ‘आरशावरचा नकाशा काढू आता?’ तर म्हणाले, ‘राहू दे. एखाद्या दिवशी दुखला हात, तर...’ म्हणून रविवार त्यांना दिलाय. रविवारी खांदा दुखतो माझा. बरोबर रविवारीच!

संपलं असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं! पण मुलानं तपासली हो शुगर. निघाली काठावर! डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, पोहा. आणि आता कळतं काय, तर या शूराला पाण्याची भीती वाटते! बूट घालून काठावर ओरडणं वेगळं. आता रोज सकाळी मी पुढं, हा मागं. पायरी उतरला की जो माझ्या गळ्यात पडतो... चालायला शिकवला तेव्हा नऊ किलोचा होता, आता ब्याऐंशी! शिट्टीबाई काठावरून ओरडते, ‘काकू, सोडू नका हं त्याला!’

आता तुम्हीच सांगा, मी कुठं धरलंय हो? त्यानंच धरलंय!