गुडघ्याला हॉर्मोन

हसायचं नाही हं. माझी पाळी थांबली, तेव्हा तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात रांगेत उभ्या उभ्या मी घामाने निथळायचे. शेवटी कुंभकोणम्‌च्या डॉक्टरीणबाईंनी तपासून हॉर्मोनचं जेल दिलं, रोज दंडाला चोळायला. लाजेपोटी मी घरी सांगितलं, दंड दुखतोय म्हणून.

महिन्याची ट्यूब दहा दिवसांत संपली. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मीच लावतोय की गुडघ्याला!"

मग मला खरं सांगावंच लागलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तसंच त्यांना घेऊन मी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई हसू दाबत तमिळमध्ये म्हणाल्या, "घाबरू नका, फक्त आजपासून लावणं बंद करा."

हे काही खुर्चीवरून उठेनात. म्हणाले, "बंद करतो अम्मा, पण गुडघा खरंच बरा झालाय हो!"