पैर पूछकर

चंडीगडच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या रांगेत, मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं.

"यतीन, ऑफिसच्या दारात पायपुसणं घालणार होतास ना?"

"घातलं की! वर हिंदीत पाटीही लावली. स्वतः लिहिली."

"काय लिहिलंस?"

"पैर पूछकर अंदर आइए."

"अरे देवा! पोंछकर! पूछकर म्हणजे विचारून."

"आता कळलं, अपूर्वा. सकाळपासून एकेक जण चिखलाचे बूट घेऊन माझ्या टेबलापाशी. 'सर जी, पैर पूछ रहे हैं, अंदर आ जाएँ?'"

"मग?"

"मग पाटी काढायला धावलो, आणि त्याच चिखलावर पाय मुरगळून आपटलो."

"थांब, तुझा फोन वाजतोय. ऑफिसचा."

"तूच घे."

"हां जी... जी, एक मिनट. घे रे. आता खरंच पैर पूछतायत."