बाकाचं ते टोक

(मे महिन्यातली टळटळीत दुपार. कॅन्ससमधल्या एका लहानशा कॉलेजचं बेसबॉलचं मैदान. कडेला खेळाडूंचा लांबलचक बाक. एका टोकाला सगळा संघ, नवा कोच रॉइस आणि कॉलेजचा जुना मदतनीस कोच ऑर्विल दाटीवाटीने बसलेत; दुसऱ्या टोकाला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ईलाय, एकटा.)

ऑर्विल : खाली बस, रॉइस. किती वेळा उठशील?

रॉइस : मी नुसता बघतोय त्याच्याकडे.

ऑर्विल : बघूही नकोस. पोरं बघ, कशी टोप्या डोळ्यांवर ओढून बसलीत. सहा इनिंग झाल्या, समोरच्या एकालाही त्याचा चेंडू धड लागलेला नाही. पिचर असा रंगात आला की त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, अपशकुन होतो. आता हे कोचला मी शिकवायचं?

रॉइस : पाण्याचं पिंप कुठंय?

ऑर्विल : हे काय, माझ्या पायाशी. संघ इथे तर पिंप इथे.

रॉइस : तेव्हाही याच टोकाला होतं.

ऑर्विल : झालं सुरू! अरे, दुसरी कॉलेजं काय ओस पडली होती? इथे कशाला आलास परत?

रॉइस : फोन तुम्हीच केलात.

ऑर्विल : केला. वरून सांगितलं म्हणून केला. मनात सारखं म्हणत होतो, नाही म्हण लेका, नाही म्हण.

रॉइस : त्याला घाम येतोय का, सांगा ना. तुमची लांबची नजर चांगली आहे.

ऑर्विल : येतोय की. मान चमकतेय.

रॉइस : टेडीचीही चमकत होती. मग एकाएकी चेंडू कोरडे यायला लागले. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर मी होतो, माझ्या हाताला कळत होतं. सबंध डाव ओलसर येणारा चेंडू, आणि मग एकदम खडखडीत. त्याचा घामच आटला होता.

ऑर्विल : रॉइस.

रॉइस : ‘पाणी पी’, एवढंच म्हणायचं होतं.

ऑर्विल : आणि बाकीचे आम्ही काय मुके होतो? मोठे कोच होते, मी होतो, सगळा संघ होता. कोणी तोंड उघडलं? तो इथून चालत गेला आणि आपण त्याला उचलून आणला, तो परत उठलाच नाही. ते सगळ्यांचं आहे. तू एकटाच घेऊन फिरतोस.

रॉइस : टेडीची आई आलीय.

ऑर्विल : दर शनिवारी येते. त्या पिवळ्या छत्रीखाली.

रॉइस : ती मैदानाकडे बघतच नाही, ऑर्विल. या बाकाकडे बघत बसते.

ऑर्विल : तू तिच्या मागे बघ जरा. चेंडूचा वेग मोजायची यंत्रं घेऊन बसलेत ना, ती मोठ्या संघांची माणसं आहेत. ईलायसाठी विमानाने आलीत. बाप त्याचा गुरांच्या बाजारात राबतो. आजचा दिवस असाच सरला तर पोरगं मार्गी लागेल. तू बोललास आणि पुढच्याच चेंडूला फटका बसला, तर? पहिलंच वर्ष आहे तुझं. पोरं तुला उभं करायची नाहीत.

रॉइस : आणि नाही बोललो तर?

ऑर्विल : तर काहीही होणार नाही! ते एकदा झालं, लेका. एकदाच.

रॉइस : बाकाखाली हात घालून काय करतोय तो?

ऑर्विल : असेल काहीतरी चाळा.

रॉइस : ओठ हलतायत त्याचे.

ऑर्विल : स्वतःशी बडबडत असेल. पिचर म्हणजे सगळे अर्धवटच.

रॉइस : तो पेला द्या इकडे.

ऑर्विल : पोरं बघतायत, रॉइस!

रॉइस : बघू देत. भरून द्या. काठोकाठ.

ऑर्विल : घे. पण मी काही पाहिलं नाही.

रॉइस : (पेला घेऊन दुसऱ्या टोकाशी जात) ईलाय.

ईलाय : कोच! काय करताय? जा ना तिकडे, तुमच्या पाया पडतो!

रॉइस : आधी हे पी.

ईलाय : बोललात तुम्ही. अहो, बोललात! सगळ्यांनी ऐकलं.

रॉइस : ऐकू दे. सावकाश, एकेक घोट. डोकं दुखतंय?

ईलाय : नाही... म्हणजे, थोडं. मघापासून समोरचं सगळं हलतंय.

रॉइस : मग उठून पाणी का नाही प्यायलास?

ईलाय : तिकडे? सगळ्यांच्या मधून? जागा सोडली असती तर संपलंच असतं सगळं.

रॉइस : बोलत कोणाशी होतास?

ईलाय : हसाल तुम्ही.

रॉइस : नाही हसणार.

ईलाय : फळीच्या खाली नाव कोरलंय. हे बघा, बोटाला लागतं. टेडी. कॉलेजात फोटो आहे ना, तोच. मघापासून त्याच्याशीच बोलतोय. दुसरं होतं कोण?

रॉइस : काय म्हणालास त्याला?

ईलाय : म्हटलं, तहान लागलीय रे.

रॉइस : मग?

ईलाय : मग तुम्ही उठलात.

रॉइस : ...टोपी काढ. उरलेलं डोक्यावर ओततो. आता त्या शेडमध्ये जाऊन आडवा हो, डॉक्टरबाई आहेत तिथे. तुझा खेळ संपला आज.

ईलाय : नाही! कोच, नाही! ती माणसं माझ्यासाठी आलीत. माझे बाबा आलेत. तीनच इनिंग राहिल्यात!

रॉइस : ती माणसं परत येतील.

ईलाय : नाही येणार! तुम्हालाही माहितेय, नाही येणार.

रॉइस : कदाचित नाही येणार. ऊठ.

ईलाय : मी जन्मात विसरणार नाही हे.

रॉइस : नको विसरूस. जा.

ऑर्विल : ऐकतोयस? सगळं मैदान हुर्यो करतंय तुझी. ती यंत्रवाली माणसं सामान आवरायला लागलीसुद्धा.

रॉइस : ऐकतोय.

ऑर्विल : आणि तू या टोकाला का बसलायस?

रॉइस : बसू दे जरा.

ऑर्विल : बस... टेडीची आई उभी राहिलीय.

रॉइस : इकडेच बघतेय?

ऑर्विल : नाही. ईलायकडे. तो शेडकडे चाललाय ना, त्याच्याकडे.

रॉइस : नीट चालतोय?

ऑर्विल : चालतोय. तुला शिव्या देत, पण स्वतःच्या पायांनी.

रॉइस : बघत राहा, ऑर्विल. शेडपर्यंत.

ऑर्विल : पोचला... आता सरक जरा. पिंप इकडे ठेवतो.