चिंचेच्या पाण्यातला शंख

नाही साहेब, आत काहून जाता, इथंच ओसरीत बसा न, कूलरची हवा इकडंच येते. पोरगी? दुपारी फोनवर सांगितलं होतं न मी, काजल कुहीले गेली, मामाच्या गावाले. हो, तिच्याच नंबरवर लावला होता तुम्ही, मी उचलला. तिचा फोन इथं अन् ती कुहीले? — विसरली साहेब, आजकालचे पोरं, घाईत निघाली. चहा घ्या. अन् थोडं हळू बोला, बायको आत देवाजवळ बसली हाय.

पासपोर्टच्या चौकशीत तुम्हा पोलिसाइले काय पाहा लागते — माणूस पत्त्यावर राहते का नाही, एवढंच न? मंग टाका न सरळ, पत्त्यावर आढळली नाही. तुम्हाले दिसून राहिली का? नाही. झालं, तुमच्या अंगावर काहीच येत नाही. — नाही नाही, पोरीनं काही केलं नाही. केस नाही, मोर्चा नाही. वकील हाय ती. समुद्राची. हसा, मीबी हसलो होतो. नागपुरात समुद्र कुठं, फुटाळा तलावाले चौपाटी म्हणतो आपण, तेवढाच आपला समुद्र. पण एक बेटाचा देश हाय म्हणे, त्याचं नावच माह्या जिभेवर बसत नाही, त्याइच्या वकिलाइसंगं ही घरी बसून काम करते. पुढच्या महिन्यात सुनावणी हाय, परदेशात, अन् हिले तिथं बोलावलं. पासपोर्ट वेळेवर नाही आला त दुसरं कोणी जाईन हिच्या जागेवर. जाऊ दे न. जगात वकील कमी पडले का?

सख्खा बाप असून आडवा काहून येतो, असंच वाटून राहिलं न तुम्हाले? मी रुपराव ठवकर, पावर हाऊसमधून रिटायर झालो. कोयल्यावर होतो — वॅगन आली का उलटवाची, पट्ट्यावर कोयला सोडाचा, नोकरीभर तेच. शेती भावानं पाहिली, अन् माही पोरगी शिकली ती या कोयल्यावर. आता तीच म्हणते का बाबा, धूर चिमणीतून निघाला म्हणजे गेला असं नसते. त्यातला चौथाई समुद्र पिते, अन् पिऊन पिऊन पाणी आंबट होऊन राहिलं त्याचं. तोंडाले नाही समजत, पण शिंपल्याले समजते, त्याचं कवच धरत नाही. मी म्हटलं, चाल वं, मले नको शिकवू, कुठं तुहा समुद्र अन् कुठं माही चिमणी.

मंग दिवाळीत ते झालं. सणाच्या आधी देवाचे भांडे चिंचेच्या पाण्यात भिजू घालते न आपल्याइकडे, पितळ कसं लखलखीत निघते, तुमच्या घरीबी घालत असन. बायकोनं समया, घंटी, ताम्हण, सगळं घमेल्यात टाकलं, अन् त्याच्यातच शंख टाकून दिला. शंख काय भांडं हाय? पण गेला तिच्या हातून, अन् राहिला रातभर तसाच. सकाळी पायतो त, झळाळी सारी गेली, खडबडीत झाला, तोंडाची कड झिजली, हाताले चुना लागे. बायको रडाले लागली. माह्या मायच्या हातचा शंख होता साहेब तो, अन् घरात तो एकट्या काजललेच फुंकता येते. माह्या छातीत कोयला बसला, मले दम नाही, अन् बायकोले त कधी जमलंच नाही. पोरगी मायवर रागावन म्हणून मी मधात जाऊन उभा राहिलो. पण तिनं शंख माह्या हातात दिला अन् म्हणे, बाबा, हे एका रातीचं हाय. बस, एवढंच. तेव्हापासून मले जेवण गोड लागत नाही.

अन् कायदाबी तिच्याच बाजूनं, हे मोठं दुखणं. समुद्राचं जागतिक कोर्ट हाय न जर्मनीत, त्यानं दोन हजार चोवीसमधी सांगून टाकलं का हा धूरबी समुद्राचंच प्रदूषण हाय, अन् देशाइनं तो आवरलाच पाहिजे. सल्ला हाय म्हणे तो, शिक्षा नाही. पण तोच सल्ला घेऊन आता हे बेटवाले उभे राहून राहिले, अन् त्याइच्या बाजूले बसन कोण? रुपराव ठवकरची पोरगी. तिथं कोणी विचारलं का बाई, तुहा बाप काय करे, त काय सांगन ती? — पाप नाही केलं मी साहेब. तुमच्या घरचा पंखा फिरला न? तुमचे पोरं लायटीतच शिकले न? पण ती मले काही म्हणतच नाही. एकदा तोंडावर म्हटलं असतं त भांडलो असतो, मोकळा झालो असतो. उलट आज जेवताना म्हणे, बाबा, एअरपोर्टवर सोडाले याल न? मी म्हटलं, पाहू.

— आज म्हणजे काल. काल जेवताना. कुहीले जाच्या आधी. — कोणती चप्पल? ती होय, ती बायकोची हाय. हो, बायकोबी घालते तशी, निळ्या पट्ट्याची. काहून, म्हाताऱ्या बायाइनं घालू नये का? तुम्ही चहा घ्या न, थंडा होऊन राहिला. मले भेव वाटते साहेब, दुसरं काही नाही. ती तिथं जाईन, मोठमोठ्या लोकाइत बसन, अन् परत आल्यावर माह्याकडं कोणत्या नजरेनं पाहीन, ह्याचं भेव वाटते. टाकलं का तुम्ही? आढळली नाही म्हणून? बरं झालं. लय उपकार झाले. या मंग आता, दिवेलागण झाली, तुम्हालेबी घर असन —

थांबा.

शंखातून हवा सुटते, म्हणून तसा फाटका येते आवाज. कड झिजली न त्याची. लय दिवसाची पॉलिश पेपरनं घासून राहिली होती, मी म्हटलं होतं का आता नाही वाजत हा. — नाही साहेब. बायको नाही. मीच त सांगितलं तुम्हाले, एकटीलेच जमते.

काजल, बाहेर ये वं बाई. आधार कार्ड घेऊन ये. — अन् साहेब, पाठवलं नसन त ते खोडा. पोरगी पत्त्यावरच हाय.