पावलांची एकच रांग

आदरणीय अध्यक्ष श्री. हान्नू केस्किसार्या, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या छायाचित्र मंडळाचे जुने-नवे सभासद, कॉफीची किटली सांभाळत दाराशी उभ्या असलेल्या इर्मामावशी, आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली माझी आई राउहा, सर्वांना नमस्कार.

आईच्या निरोपाला मुलीनेच बोलावं हे रीतीला धरून आहे का, याची मला अजून धास्ती आहे. त्यातून अध्यक्षांनी एक कामगिरीही सोपवली आहे. मंडळ सोडू नकोस म्हणून भाषणातून तिला शेवटची गळ घालायची. बघते.

आपल्यापैकी बहुतेकजण ओढ्याकाठचा हिवाळा टिपायला आईकडून शिकले. मी तर चालायलाच तिथे शिकले. तिचा नियम आपण जाणता. ताज्या बर्फावर एकानेच वाट पाडायची, मागच्यांनी त्याच पावलांत पाय टाकायचे. काठ एकदा तुडवला, की पुन्हा बर्फ पडेपर्यंत चित्र गेलं.

आई कॅमेरा घेऊन पुढे, बाबा ट्रायपॉड आणि थर्मास घेऊन मागे. त्यांचे बूट होडीएवढे. आई मागे न बघताच विचारायची, "वेइक्को, पाय आहेत की वल्ही?" बाबा म्हणायचे, "तूच जरा ढांगा टाक की मोठ्या. लग्न झाल्यापासून तुझ्यामागे लंगडतोय." परतताना मात्र ते वळून बघत आणि खूश होत. जंगलात एकच माणूस येऊन गेल्यासारखं दिसे. इतकी सफाई दुसऱ्या कुणाच्या संसारात आहे का, हा त्यांचा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत आपण सोसलेला आहे.

या हिवाळ्याचा पहिला बर्फ पडायच्या आधीच बाबा गेले.

आईला ओढ्यावर ने, तिचं मन रमेल, असं आपणच प्रेमाने सुचवलंत. जानेवारीत मी तिला नेलं. मधोमध पाणी वाहतं होतं, त्याची वाफ फांद्यांवर गोठत होती. हवं तसं चित्र. मी ट्रायपॉड घेऊन मागे होते, तिच्या प्रत्येक पावलात जपून पाऊल टाकत. एकही चुकू दिलं नाही.

काठाशी पोचल्यावर आईने वळून पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली. माझाच पाय कुठे घसरला असेल, म्हणून मी माफी मागू लागले.

"तुझं नाही गं चुकलं," ती म्हणाली. "वाट अगदी तशीच दिसतेय. तो होता तेव्हा एकच रांग, आणि तो नाही तरी एकच."

थोड्या वेळाने म्हणाली, "परत जाताना माझ्या शेजारून चाल."

"आई, बर्फ खराब होईल."

"होऊ दे. आपण दोघी आहोत, ते मला दिसलं पाहिजे."

चढावर पोचल्यावर तिने मागे वळून एकच फोटो काढला, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. तो फोटो व्यासपीठामागे लावला आहे. मघाशी कुणीतरी म्हणालं, पुढचा बर्फ तुडवलेला दिसतो.

अध्यक्षमहाराज, मला क्षमा करा. ती गळ माझ्याने घालवत नाही. या मंडळाने माझ्या आईवर आणि तिच्यामागे लंगडणाऱ्या माणसावर माया केली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला.

तुडवलेल्या बर्फाबद्दल मात्र क्षमा मागत नाही. तो आम्ही दोघींनी मिळून तुडवला आहे.