कल्पेशचा कागद

डेंगीचा ताप एकदाचा उतरला म्हणून सुरुची पिशवी भरून, घरी जायच्या घाईत दवाखान्याच्या बाकावर बसली होती. पाचूबंदरची जिजामावशी डॉक्टरांच्या टेबलाशी उभी होती.

"डाक्टर, गेल्या साली आमचा पोर कल्पेस डेंगीनं गेला, त्याचा कागद कंपुटरात घातला का?"

"घातला, मावशी. वाचलेल्यांचे, गेलेल्यांचे, सगळ्यांचेच घातले."

"मंग काय बोलला कंपुटर?"

"गेलेले बहुतेक ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत गेले."

"ताप उतरला म्हनून मीच त्याला होडीवर धाडला."

"आम्हीही घरी जा म्हणालो होतो, मावशी. आता ताप उतरला तरी दोन दिवस कोणाला सोडत नाही."

सुरुचीने पिशवी बाकाखाली सरकवली.

"वय काय लिवलंय त्याचं?"

"बावीस."

"जायच्या आदीच नारळी पुनवेला तेवीस पुरी झाली होती त्याला. तेवढं बदला."